चेनसॉ घेण्याआधी कामाचे दिवस मोजा



सुनन अबू दाऊद या हदीससंग्रहात एक प्रसंग आला आहे. मदिन्यातील एक अन्सारी गृहस्थ प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे मदत मागण्यास आले. घरात काय आहे, अशी विचारणा झाली. एक जाडेभरडे कापड होते, त्याचा काही भाग अंगावर घ्यायचा व काही अंथरायचा. शिवाय पाणी पिण्याचे एक भांडे होते. दोन्ही वस्तू मागवून त्यांचा लिलाव करण्यात आला व दोन दिरहम मिळाले. एका दिरहमचे धान्य घरी पोहोचवावे आणि दुसऱ्या दिरहमची कुऱ्हाड आणावी, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. कुऱ्हाड आली तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने तिला दांडा बसवला आणि लाकूड तोडून विकण्यास त्या गृहस्थांना पाठवले. पंधरा दिवसांनी ते परतले तेव्हा दहा दिरहमची कमाई झालेली होती.

हा प्रसंग आपण बहुधा भीक मागण्याच्या निषेधासाठी ऐकतो, आणि ते योग्यच आहे. परंतु व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर यात एक हिशेबही आहे. भांडवल दोन दिरहम होते. त्यातील निम्मे घराला ठेवून निम्मेच हत्यारात घातले. हत्यार घेतले ते रोज वापरायचे म्हणून, आणि पंधरा दिवस रोज वापरले म्हणूनच त्याची किंमत वसूल झाली. तीच कुऱ्हाड घराच्या कोपऱ्यात पडून राहिली असती तर तो एक दिरहम बुडालाच असता.

आज कुऱ्हाडीचे बरेचसे काम चेनसॉ नावाच्या यंत्राने घेतले आहे. आपल्या गोंदिया जिल्ह्यात जंगल आहे, धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवर झाडे आहेत, बेकऱ्यांच्या भट्ट्या आहेत, लग्नाच्या देगी चढवणारे बावर्ची आहेत, लाकडाचे टाल आणि सुतारीची दुकाने आहेत. या सर्व ठिकाणी आपले बांधव काम करतात आणि गेल्या काही वर्षांत अनेकांनी चेनसॉ घेतला आहे किंवा घेण्याच्या विचारात आहेत. म्हणून या आठवड्यात आम्ही हा विषय घेतला आहे. कोणत्या कंपनीचे यंत्र चांगले हे आम्ही सांगणार नाही. आपले काम किती आणि त्याला कोणते यंत्र पुरे, एवढेच पाहणार आहोत.

आमची स्वतःची चूक

आम्ही कापडाचे व्यापारी. दुकानात गिऱ्हाईक आले की पहिला प्रश्न विचारतो, कपडा रोज घालायचा की ईदला? रोजच्या कपड्याला वीण घट्ट व रंग पक्का लागतो. ईदच्या कपड्याची चमक वेगळी असते, पण तो महिनाभर रोज धुतला तर टिकत नाही. सारी उमर हा प्रश्न दुसऱ्यांना विचारणाऱ्या आम्ही यंत्र घेताना मात्र तो स्वतःला विचारला नाही.

एका वादळात आमच्या शेताच्या धुऱ्यावरील दोन बाभळी आडव्या झाल्या. आम्ही बाजारात गेलो. विक्रेत्याने ५८ सी.सी.चे, २२ इंच पट्टीचे मोठे यंत्र पुढे केले. लहान यंत्रापेक्षा ते स्वस्त होते, आणि मोठी वस्तू कमी भावात मिळते म्हणून आम्ही खूश झालो. तीन दिवस ते चालले. काम संपल्यावर टाकीतील पेट्रोल तसेच ठेवून यंत्र माळ्यावर टाकले. पुढच्या वर्षी काढले तर दोरी ओढून हात दुखला, यंत्र सुरू झाले नाही. पेट्रोल आटून कार्बोरेटरात चिकट थर बसला होता. पुस्तिका मिळालेली नव्हती, बिल कच्चे होते आणि त्या यंत्राचा सुटा भागही जवळपास मिळेना. तीन दिवसांच्या कामासाठी आम्ही पूर्ण यंत्राची किंमत मोजली. दोष विक्रेत्याचा थोडा आणि आमचा जास्त, कारण वर्षातून आम्हाला लाकूड किती दिवस कापायचे आहे हे आम्ही मोजलेच नव्हते.

एका दिवसाचा खर्च काढा

हिशेब सोपा आहे. समजा यंत्राची किंमत २०,००० रुपये आहे आणि ते पाच वर्षे टिकेल असे धरले. वर्षातून ४ दिवस काम असेल तर पाच वर्षांत २० दिवस होतात. म्हणजे पेट्रोल, तेल व दुरुस्ती सोडून नुसत्या यंत्राचा खर्च दिवसाला १,००० रुपये पडला. तेच यंत्र वर्षातून १०० दिवस चालले तर ५०० दिवस होतात आणि खर्च दिवसाला ४० रुपयांवर येतो. यंत्र एकच, किंमत एकच, पण एकाला ते महाग पडले व दुसऱ्याला स्वस्त.

उलट बाजूही पाहावी. रोज झाडे तोडण्याचे ठेके घेणाऱ्याने किंमत वाचवण्यासाठी हलके घरगुती यंत्र घेतले, तर ते हंगामाच्या मध्येच बसते. समजा दोन मजूर ६०० रुपये रोजाने आले आहेत आणि यंत्र बंद पडले. १,२०० रुपये त्याच दिवशी गेले, आणि ज्याला शब्द दिला तो दुसऱ्या ठेकेदाराकडे गेला. असे पाच-सहा दिवस झाले की स्वस्त यंत्रातील बचत संपते.

तेव्हा बाजारात जाण्याआधी एक वही घ्यावी आणि मागील वर्षी कोणत्या महिन्यात किती दिवस, किती तास आणि किती जाडीचे लाकूड कापले, हे आठवून लिहावे. अंदाज वाढवून लिहू नये. पुढे काम वाढेल या आशेवर आजच मोठे यंत्र घेणे म्हणजे न आलेल्या गिऱ्हाईकाच्या भरवशावर माल भरणे होय.

वर्षातून दोन-चार दिवस

यात शेतकरी, घरमालक आणि मशीद किंवा कब्रस्तानची कमिटी येते. पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटायच्या, वादळात पडलेले झाड हटवायचे, एवढेच काम असते. अशांनी यंत्र विकत घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. यंत्र व ते चालवणारा माणूस दोन्ही रोजाने बोलवावे. यंत्र सांभाळण्याचा त्रास नाही आणि काम सवयीच्या हाताने होते. विशेषतः कमिटीचा पैसा ही लोकांची अमानत आहे. चार दिवसांच्या कामासाठी तो लोखंडात अडकवून ठेवू नये.

तरीही घ्यायचेच असेल आणि काम विजेच्या खांबाजवळच असेल, तर विजेवर चालणारा साधा चेनसॉ पुरे. त्यात पेट्रोल नाही, कार्बोरेटर नाही, म्हणून वर्षभर पडून राहिला तरी फारसा बिघडत नाही. फक्त पट्टीचे तेल सांडू नये म्हणून टाकी रिकामी करून ठेवावी.

महिन्यातून तीन-चार दिवस

बेकरीवाले, बावर्ची, हॉटेलवाले आणि लहान टालवाले या वर्गात येतात. त्यांना झाड तोडायचे नसते, आलेले लाकूड भट्टीच्या मापाने आखूड करायचे असते. काम एकाच आवारात असते. त्यांच्यासाठीही विजेचे यंत्र सर्वांत सोयीचे. सुमारे २,००० वॅटची मोटार आणि १४ ते १६ इंच पट्टी एवढ्यात बहुतेक जळाऊ लाकूड कापले जाते. यंत्राचा आवाज कमी, धूर नाही, खर्च कमी.

मात्र विजेची जोडणी नीट हवी. २,००० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास विद्युतप्रवाह ओढते. पंख्याच्या ५ अँपिअरच्या सॉकेटवर ते लावू नये, १५-१६ अँपिअरचे सॉकेट व अर्थिंग हवे. लांब वायर लागत असेल तर ती जाड तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटरची असावी. बारीक वायरीने व्होल्टेज पडते, मोटार गरम होते आणि दोष मात्र यंत्राला दिला जातो. पावसात व ओल्या जमिनीवर हे यंत्र चालवू नये.

ज्यांच्या आवारात वीज नाही किंवा वरचेवर जाते, त्यांनी ३० ते ४० सी.सी.चे पेट्रोल यंत्र व १४ ते १६ इंच पट्टी घ्यावी. बॅटरीवर चालणारी यंत्रेही आता मिळतात. फांद्या छाटण्यासाठी ती चांगली आहेत. परंतु जाड बाभळीच्या ढिगापुढे बॅटरी लवकर उतरते, दुसरी बॅटरी घ्यावी लागते आणि किंमत वाढते. विदर्भाच्या उन्हाळ्यात बॅटरी उघड्यावर ठेवू नये, उष्णतेने तिचे आयुष्य कमी होते.

लाकूड फाडायचे काम, म्हणजे उभे चिरून जळण करायचे काम, आजही कुऱ्हाड व पाचर यांनीच करावे. त्यासाठी चेनसॉ वापरणे म्हणजे पेट्रोल जाळून भुसा करणे आहे.

आठवड्यातून दोन-तीन दिवस

शेतातील झाडे परवानगीने तोडून देणारे, पडलेली झाडे उचलणारे, टालावर ओंडके कापणारे या वर्गात आहेत. त्यांना ४५ ते ५५ सी.सी.चे यंत्र आणि १६ ते १८ इंच पट्टी हवी. येथे यंत्राची बनावट पाहावी. हलक्या यंत्रात इंजिनाचा सांगाडा बहुधा प्लास्टिकच्या आवरणात बसवलेला असतो. जड कामाच्या यंत्रात तो मॅग्नेशियम धातूचा असतो, त्यामुळे उष्णता सोसतो व दुरुस्तीला सोपा जातो. आवरणाखाली काय आहे, हे दुकानदाराला उघडून दाखवायला सांगण्यात संकोच करू नये. आपल्या दुकानात गिऱ्हाईक कापडाचे सूत ओढून पाहतेच की.

पट्टीच्या लांबीबद्दल मोठा गैरसमज आहे. पट्टी लांब म्हणजे यंत्र ताकदवान, असे नाही. ताकद इंजिनात असते. लहान इंजिनाला लांब पट्टी लावली तर साखळी ओढतानाच ते थकते. नेहमीच्या लाकडाच्या जाडीपेक्षा पट्टी दोन इंच जास्त असली की पुरे. कधीतरी जाड बुंधा आला तर जाणता माणूस दोन्ही बाजूंनी कापून तो पार करतो. वर्षातून एकदा येणाऱ्या बुंध्यासाठी रोज जड यंत्र हातात धरू नये. पाठ व मनगट आपलेच आहे.

रोजचे काम

ज्यांचे पोट याच कामावर आहे, त्यांनी ६० सी.सी. किंवा त्याहून मोठे, व्यावसायिक बनावटीचे यंत्र घ्यावे आणि शक्य असेल तर सोबत एक लहान यंत्र ठेवावे. बुंध्याला मोठे, फांद्यांना लहान. असे केल्याने दोन्हींचे आयुष्य वाढते आणि एक बंद पडले तरी मजूर रिकामे बसत नाहीत. तीन-चार साखळ्या, एक जास्तीची पट्टी, प्लग व हवेची जाळी नेहमी सोबत असावी. या वर्गाने यंत्र घेण्याआधी गोंदियात, नाहीतर निदान नागपूर किंवा रायपूरला, त्या कंपनीचे दुरुस्ती केंद्र आहे का आणि सुटे भाग तयार मिळतात का, हे स्वतः जाऊन पाहावे. घरपोच मागवलेले यंत्र काहीसे स्वस्त पडेल, पण साखळी फिरवणारे चक्र झिजल्यावर ते कोठे मिळणार? पक्के बिल घ्यावे. ते हमीसाठी लागते, आणि पुढे सांगितलेल्या कारणासाठीही लागते.

सुतार बांधवांसाठी वेगळी गोष्ट

हजरत जकरिया (अ.) सुतारकाम करीत, असे सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये आले आहे. या मानाच्या धंद्यातील काही बांधव ओंडक्याच्या फळ्या काढण्यासाठी चेनसॉ घेऊ पाहतात. त्यांनी आधी भुशाचा हिशेब करावा. चेनसॉचा काप साधारण पाव इंच रुंद पडतो. एक इंचाच्या दहा फळ्या काढायच्या तर नऊ काप लागतात, म्हणजे सव्वादोन इंच लाकडाचा भुसा झाला. दोन फळ्या गेल्या. आरागिरणीतील पट्ट्याच्या आऱ्याचा काप त्याच्या निम्म्याहून कमी असतो. लाकूड सागाचे असेल तर ही दोन फळ्यांची किंमत गिरणीच्या मजुरीपेक्षा जास्त भरते.

दुसरे कारण कायद्याचे. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात २००२ साली पूर्वपरवानगीशिवाय नव्या आरागिरण्या उघडू देऊ नयेत असा आदेश दिला. तेव्हापासून आरागिरणीचा परवाना हा काटेकोर विषय झाला आहे. घरामागे यंत्र लावून लोकांचे ओंडके चिरून देणे अंगाशी येऊ शकते. तेव्हा फळ्या परवानाधारक गिरणीतून काढाव्यात.

केंद्र सरकारची पी.एम. विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्यातील १८ धंद्यांत सुतार आहेत आणि शिंपीही आहेत. तिच्यात हत्यारांच्या संचासाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आहे व सवलतीच्या व्याजाचे कर्जही आहे. या दोन बाबी वेगवेगळ्या आहेत, हे अनेकांना माहीत नसते. हत्यारांची मदत हे कर्ज नाही. व्याजामुळे जे बांधव योजनेपासून दूर राहतात, त्यांनी निदान पहिल्या बाबीची चौकशी अवश्य करावी.

भागीत घेता येईल का?

एकट्याला न परवडणारे यंत्र चौघांनी मिळून घेणे हा आपल्याकडचा जुना व हलाल मार्ग आहे. व्याजी हप्त्यापेक्षा शिरकत बरी. परंतु शिरकत मोडते ती बहुधा तोंडी व्यवहारामुळे. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. भागीतही तीच शिस्त पाळावी. कोणी किती रक्कम घातली, यंत्र कोणाकडे राहील, बिघडल्यास खर्च कोण करील, बाहेरच्या माणसाला भाड्याने दिल्यास पैसा कसा वाटायचा, हे कागदावर असावे. यंत्रासोबत एक वही ठेवून कोणी किती तास वापरले ते लिहावे आणि तासाप्रमाणे दुरुस्तीसाठी काही रक्कम बाजूला काढावी. साखळी मात्र प्रत्येकाने आपापली ठेवावी. दुसऱ्याने खिळ्यावर चालवलेली साखळी पुढच्या माणसाच्या हाती आली की भांडण ठरलेले.

यंत्र टिकते कशाने

पेट्रोल यंत्र टूस्ट्रोक असते, त्याला पेट्रोलमध्ये तेल मिसळून द्यावे लागते. काही कंपन्या आपल्या तेलासाठी लिटरला २० मिलिलिटर सांगतात, साध्या टूटी तेलासाठी ४० मिलिलिटर सांगितले जाते. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत असेल तेच प्रमाण मापून घालावे, अंदाजाने ओतू नये. तेल कमी पडले तर पिस्टन चिकटतो आणि तो खर्च नव्या यंत्राच्या जवळ जातो. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते व ते हवेतील ओलावा ओढते. म्हणून मिश्रण महिन्याभराचेच करावे, आणि यंत्र ठेवून द्यायचे असेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. आम्ही हे केले असते तर आमचे यंत्र आज कामाचे असते.

साखळीला तेल देणारी टाकी वेगळी असते. प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना तीही भरावी. तिच्यात जळालेले इंजिन ऑइल घालू नये, त्यातील कचऱ्याने पट्टी व पंप दोन्ही खराब होतात.

आजच्या साखळीचा दात कसा आला, हेही जाणून घेण्यासारखे आहे. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवरचा व १९२९ मध्ये पेट्रोलवरचा चेनसॉ तयार केला, पण तेव्हाची साखळी करवतीसारखी ओरबाडत असे. १९४६ मध्ये अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने एक अळी लाकूड पोखरताना पाहिली. ती डावीकडे व उजवीकडे आळीपाळीने कुरतडत जात होती. त्यावरून त्यांनी डाव्या-उजव्या दातांची साखळी बनवली व तीच आज जगभर चालते. अल्लाहच्या एका लहानशा जिवाकडे लक्ष देऊन पाहिल्याने एवढा मोठा धंदा उभा राहिला.

हे दात बोथट झाले की यंत्र लाकडात आपोआप शिरत नाही, दाबावे लागते आणि लांब सालपटांऐवजी बारीक पीठ पडते. पीठ दिसले की थांबावे. दाताच्या मापाची गोल कानस घ्यावी. लहान यंत्रांना बहुधा ४ मिलिमीटरची व मध्यम यंत्रांना ४.८ मिलिमीटरची लागते. प्रत्येक दाताला सारखेच फटके द्यावेत, कोन साधारण ३० अंशांचा ठेवावा. रोज चालवणाऱ्याने दिवसातून एकदा तरी ही धार द्यावी. पुष्कळ लोक यंत्र कमजोर झाले म्हणून विकायला काढतात आणि दोष फक्त दोनशे-तीनशे रुपयांच्या कानशीने जाणारा असतो.

हातपाय सलामत तर रोजी सलामत

पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की यंत्र क्षणात उलटून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. माणसाला सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून टोकाने कापू नये, दोन्ही हातांनी धरावे, खांद्याच्या वर यंत्र नेऊ नये आणि शिडीवर उभे राहून चालवू नये. ज्या यंत्राला साखळी थांबवणारा ब्रेक नाही किंवा तो चालत नाही, ते फुकट मिळाले तरी घेऊ नये. रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी ब्रेक तपासावा. लुंगी, गळ्यातील रुमाल, सैल बाह्या यांना या कामात जागा नाही.

कपड्याबद्दल आम्ही अधिकाराने सांगू शकतो. जाड जीन्सची पँट साखळीपासून वाचवते, हा समज चुकीचा आहे. त्यासाठी खास पँट मिळते. तिच्या आत लांब, चिवट तंतूंचे अनेक थर असतात. साखळी लागताच हे तंतू बाहेर ओढले जातात, फिरणाऱ्या चक्रात गुंततात आणि यंत्र बंद पडते. कापड कापले जाते, पाय वाचतो. विजेच्या यंत्रापुढे मात्र या पँटवर पूर्ण भरवसा ठेवू नये, कारण मोटार तंतूंना न जुमानता फिरत राहू शकते. रोजच्या कामाचे यंत्र घेणाऱ्याने पँट, डोळ्यांचा चश्मा, कानांचे झाकण व बूट यांची किंमत यंत्राच्या किमतीतच धरावी. ती धरून यंत्र परवडत नसेल तर ते परवडत नाही, असेच समजावे.

झाड आपले, तरी परवानगी हवी

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. शेत आपले म्हणून झाड विचारल्याशिवाय तोडता येत नाही. महाराष्ट्र झाडे तोडणे (नियमन) अधिनियम १९६४ च्या अनुसूचीत साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, खैर, बीजा, हळदू, तिवस, ऐन, हिरडा अशी झाडे आहेत. आपल्या जिल्ह्याच्या धुऱ्यांवर यांतील अनेक दिसतात. ती तोडण्यासाठी आधी अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. गोंदियासारख्या नगर परिषदेच्या हद्दीत १९७५ चा शहरी झाडांचा कायदा आहे, म्हणजे कब्रस्तानातील झाडालाही नगर परिषदेची परवानगी हवी. आदिवासी खातेदाराच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. देवरी, सालेकसा या भागांत काम करणाऱ्यांनी असा सौदा परस्पर करू नये. गरिबाचे झाड कमी भावात उचलण्याची चाल थांबावी म्हणूनच तो कायदा आहे, आणि त्यात आपल्या दीनच्या विरुद्ध काहीच नाही.

भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम ५२ प्रमाणे वनगुन्ह्यात वापरलेली हत्यारे व वाहन जप्त होऊ शकते. ज्याने कष्टाने यंत्र घेतले, त्याचे यंत्र दुसऱ्याच्या चोरीच्या लाकडासाठी एक दिवस भाड्याने गेले तरी ते अडकते. म्हणून भाड्याने काम घेताना परवानगीचा कागद आधी पाहावा, त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी, लाकूड हलवताना वाहतूक परवाना लागतो का हे वन कार्यालयात विचारावे आणि यंत्राचे पक्के बिल सोबत बाळगावे. कागद दाखवण्यास जो टाळाटाळ करतो, त्याचे काम सोडून द्यावे. एका दिवसाची मजुरी जाईल, यंत्र राहील.

वाचकांपैकी ज्यांचा विचार या महिन्यात यंत्र घेण्याचा आहे, त्यांनी एवढेच करावे. आज रात्री इशाच्या नमाजनंतर वही घेऊन बसावे, मागील वर्षातील लाकूड कापण्याचे दिवस लिहावेत आणि यंत्राच्या किमतीला पाच वर्षांच्या दिवसांनी भागावे. जो आकडा येईल तो रोजाने यंत्र बोलावण्याच्या दराशेजारी ठेवावा. घ्यायचे की नाही, आणि घ्यायचे तर कोणते, हे त्यावरून ठरेल. अल्लाह आपल्या सर्वांच्या हातांना सलामत ठेवो आणि हलाल रोजीत बरकत देवो. आमीन.